वरचा दीड टक्का

इंदापूरच्या एका फंडवाल्यानं मला फसवलं, आणि माझ्या हातून माझ्या थोरल्या बहिणीला. यातला पहिला भाग मी मार्केट यार्डात दहा जणांना ओरडून सांगितला आहे. दुसरा आज पहिल्यांदा लिहिते आहे.

बहिणीला मी अक्का म्हणते. तिचं सासर कऱ्हाटी, माझं बारामती, माहेर दोघींचं पळसदेव. आम्हा दोघींचे नवरे दोन वर्षांच्या अंतरानं गेले. तेव्हापासून अक्काच्या डोक्यात एकच होतं: पळसदेवला, धरणाचं पाणी चढत नाही अशा उंचावर, जागेचा तुकडा घ्यायचा, दोन खोल्या बांधायच्या आणि दोघींनी मिळून राहायचं. चूल एकच. "भांडायला तरी माणूस पायजे की," ती म्हणायची. जागा आम्ही बघून ठेवली होती. अक्का चप्पल काढून, पावलं मोजत मला घर दाखवायची. इथं मोरी, इथं ओटा, आणि ती पलीकडची खोली तुझी, कारण तू घोरतीस.

जागेचा मालक म्हणाला, सातबाऱ्यावरून त्याच्या भावांची नावं कमी व्हायला दोन वर्षं लागतील, तोवर थांबा. अक्कानं दोन म्हशी विकल्या होत्या, नवऱ्याच्या विम्याचे पैसे होते. मी तेवढेच घातले. बँकेत ठेवीचं व्याज उतरलेलं. कुणीतरी सांगितलं, रोख्यांच्या फंडात ठेवा.

मी एसटी स्टँडबाहेर पाटीत पेरू घेऊन बसत होते, तिथपासून यार्डात स्वतःचा गाळा होईपर्यंत मी एक सवय सोडली नाही. भाव ठरला तरी 'वर काय?' विचारायचं. डझनावर एक फळ, पेंडीबरोबर चार काड्या कोथिंबीर. त्याशिवाय सौदा पुरा झाला असं मला वाटतच नाही.

फंडवाल्याचं ऑफिस बियाण्याच्या दुकानावर. चाळिशीचा माणूस, बोलायला गोड. चहा आला. खरं बोलायचं तर सुरुवातीला त्यानं नीट समजावलं. लिक्विड फंड म्हणजे थोड्या दिवसांच्या उधारीवर पैसे देणं. जोखीम थोडी, मिळतंही थोडं. गिल्ट म्हणजे सरकारला दिलेलं कर्ज. ते बुडत नाही, पण मुदत लांब असते. बाजारात व्याज वाढलं की जुन्या रोख्यांचा भाव पडतो, आणि आपल्याला नेमके तेव्हाच पैसे लागले तर तोटा. तिसरा फंड बँकांच्या आणि सरकारी कंपन्यांच्या दोन-तीन वर्षांच्या रोख्यांचा. "तुमची मुदत दोन वर्षं, काकी. ह्यो घ्या," म्हणत त्यानं त्या फंडाच्या कागदावर पेनानं गोल केला.

"आन वर काय देतोस?" मी विचारलं.

"वर म्हंजी?"

"तुला कमिशन मिळंल. त्यातलं निम्मं माझं."

"तसं देता येत न्हाय, काकी. कायद्यात बसत न्हाय."

"मला कायदा शिकवतोस? यार्डात कायद्यानं एक पेंडी तरी हलती का रं?"

अक्का शेजारी बसली होती. तोंडाला पदर लावून हसली. "हिचं काय घिऊन बसलाय, दादा? हिनं स्वतःच्या लग्नात भटजीकडनं दोन मंगलाष्टका वर म्हणून घेतल्यात."

मी पिशवी उचलली आणि उठले. उठून चालायला लागणं ही माझी जुनी खोड. समोरचा हाक मारतोच. यानं मी जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर असताना मारली.

"थांबा की, काकी. दीड टक्का जास्त देणारा हाय एक."

ड्रॉवरमधून त्यानं दुसरा कागद काढला. क्रेडिट रिस्क फंड. त्यावर जोखीम दाखवणाऱ्या अर्धगोल तबकडीचं चित्र होतं, काटा तांबड्या टोकाला. गोल केलेल्या कागदावरचा काटा पिवळ्याच्याही अलीकडं होता.

"ह्यो तांबड्यात का?"

"ते समद्यांनाच छापावं लागतं. सरकारी नेम हाय."

अक्का म्हणाली, "आगं, आधीचाच घे की. त्यो आपनहून बोलला तवा खरं बोलला."

"तू गप," मी म्हणाले. "तुला यातलं काय कळतंय?"

आणि सही केली. अक्कानंही केली, मी बोट ठेवलं तिथं.

ज्या कंपन्यांना चांगल्या ठिकाणी कर्ज मिळत नाही, त्यांना हा फंड जास्त व्याजानं पैसे देतो. ते जास्त व्याज म्हणजे माझा वरचा दीड टक्का. सगळ्यात आधी मोठा दर जाहीर करणाऱ्या कारखान्याचं उसाचं बिल सगळ्यात शेवटी येतं, हे आजूबाजूच्या ऊसवाल्यांकडून ऐकत मी म्हातारी झाले. तरी मला ते तिथं आठवलं नाही. मी सौदा जिंकले होते ना.

वर्ष उलटलं आणि त्यातल्या दोन कंपन्यांनी पैसे दिले नाहीत. फंडाची किंमत एका दिवसात कोसळली. अडकलेला हिस्सा बाजूला काढून ठेवला, वसूल होईल तसा देऊ म्हणाले. तेवढ्यात इकडं सांगितल्या मुदतीआधीच सातबारा साफ झाला. मालक दोन महिने थांबला, त्याहून जास्त तो तरी का थांबेल? जागा पुण्याच्या कुणीतरी घेतली. अक्काला तिच्या मुलानं हडपसरला नेलं, चौथ्या मजल्यावर.

ती फोन करते. "हितं समदं हाय," म्हणते. लिफ्ट आहे, नळाला पाणी आहे. मग हळूच विचारते, "तिकडं पानी उतरलं का गं?" मी सांगते, उतरलं. पैशांबद्दल तिनं मला एकदाही टोचलं नाही. टोचलं असतं तर मी कडाकडा भांडले असते आणि बरं वाटलं असतं. परवा गाळ्यावर डाळिंबवाल्यानं पहिला भाव सांगितला आणि मी दिला. वर काही मागितलंही नाही. हमाल माझ्या तोंडाकडं बघत राहिला.

फंडवाल्याकडं मी गेले होते. ऑफिस डोक्यावर घेतलं. तो शांतपणे म्हणाला, "काकी, जास्त तुमीच मागितलं. सही तुमची हाय."

हो, मागितलं. सहीही माझीच. मागणं हा माझा धंदा आहे, चाळीस वर्षांचा. पण नाही म्हणणं हा तुझा धंदा होता. तू एकदा म्हणालासही, आणि मी जिना उतरायला लागल्याबरोबर ते गिळलंस. त्या दुसऱ्या कागदावर तुला किती जास्त मिळणार होतं? तांबड्या काट्याबद्दल खोटं का बोललास? हे मला सांगू नकोस, माझ्याशी बोलताना तू पुन्हा सही दाखवशील. हडपसरला जा. अक्कासमोर बस, तिला काकी म्हण, आणि तिच्या तोंडाकडं बघून याचं उत्तर दे. पत्ता मी देते. कधी जातोस, ते बोल.