काचेबाहेर सांडलेला उजेड

कीर्तनाचा पूर्वरंग संपतो. बुवांना हार घालतात, बुक्का फिरतो आणि राममंदिराच्या खांबाला टेकल्या टेकल्या मला डुलकी लागते. पेटीचा सूर तेवढा कानात राहतो, भोवतालची माणसं विरघळत जातात.

खांब गार पडतो. लोखंडाचा झाला आहे. समोर शाल्मलीची प्रयोगशाळा, आणि केसांना जाळीची टोपी लावून यंत्रावर वाकलेली माझी लेक. गेल्या श्रावणात तापानं गेलेली.

"जेवलीस?"

"आई, आतासुद्धा तेच?" ती हसते, पण मान वर करत नाही. "तिथंच थांब."

तिच्या दोन हातांमध्ये एक लाल रेघ उजळते.

"केसाहून कितीतरी बारीक काच आहे. ज्योतीवर तापवून ओढलेली. उजेड तिच्या आत मावत नाही, थोडा बाहेर सांडतो. त्या सांडलेल्या उजेडात अणू धरून ठेवता येतात. काचेला न टेकता."

मला सगळं कुठं कळायला! एवढंच दिसतं, की तिच्या पायांखाली फरशी नाही. रेघेलगत ती नुसती तरंगते आहे.

"तूसुद्धा तशीच?"

"हं. हा काचेचा धागा आहे तोवर."

"मग मी इथंच बसते. रामरायाची शपथ, हलणार नाही."

"श्वासही हळू घे. धागा अजून बंद डबीत बसवला नाही, उघड्यावर आहे. वाऱ्यानं तुटतो."

मी तोंडावर पदर धरते. तिच्या कानामागचा तीळ दिसतो, इतकी ती जवळ.

"दुखतंय का गं?"

"नाही. गार वाटतं. फार गार."

"शाल घालू?"

"टेकायचं नाही ना, आई."

कोपऱ्यातल्या पंपाची घरघर तबल्याची होते. भिंत मागे सरते आणि बुवा गजर उचलतात. नाम कानी आलं आणि टाळी दिली नाही, असं या हातांनी जन्मात केलेलं नाही.

"आई, नको..."

टाळी पडते. रेघ नाही. शाल्मली नाही.

सगळा मंडप टाळ्या वाजवतो आहे. शेजारच्या पेठकर वहिनी मला हलवतात. "काकू, उठा, गजर चाललाय." मग थबकतात. "अगबाई, हाताला काय लागलं?"

तळव्यात केसाहून बारीक काचेचं कुसळ रुतलं आहे. भोवती रक्त.

"थांबा, काढते."

"राहू दे," मी म्हणते आणि मूठ मिटून घेते. समोर राम उभा आहे. आज त्याला माझी टाळी नाही.