अँटिव्हायरसनं खाल्लेली गल्ली

आपला कॉम्प्युटर धोक्यात आहे, ही बातमी मला पहिल्यांदा दिली ती अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी. मी शाळेतून येऊन चपला काढत होते. ते दारातच उभे होते, चष्मा हातात, आणि चेहरा असा उतरलेला की मला वाटलं, नात्यातलं कुणीतरी गेलं.

“बाई, त्येच्यावर लाल लाल काय तरी यायलंय. लय धोका हाय म्हणायलंय. म्या काई केलं न्हाई.”

मी जाऊन बघितलं. धोका बिका काही नव्हता. आमच्याकडे तेव्हा फुकटचा अँटिव्हायरस होता, आणि तो पडद्याच्या कोपऱ्यात लाल चौकट काढून सांगत होता की पैसे भरा आणि मोठा अँटिव्हायरस घ्या, नाहीतर तुमचं काही खरं नाही. म्हणजे राखणदारानं रोज दार वाजवून म्हणायचं, चोर येणार आहेत, माझा पगार वाढवा. मी चौकट बंद केली. दुसऱ्या दिवशी ती परत आली. तिसऱ्या दिवशी दोनदा आली. भीक नको पण कुत्रं आवर, अशी गत झाली.

मला ती चौकट म्हणजे नुसता वैताग होता. अण्णांना ती खरी वाटायची. ते जिंतूरला तहसील कचेरीत टायपिस्ट होते. मराठी आणि इंग्रजी, दोन्ही टायपिंगच्या परीक्षा पास झालेले, त्यामुळे दुर्दैवानं त्यांना तिच्यातलं अक्षर न् अक्षर वाचता यायचं. जन्मभर ज्या माणसानं कचेरीचे कागद टाइप केले, त्याला लाल अक्षरातला मजकूर खोटा असू शकतो हे पटवून देणं सोपं नव्हतं.

आणि त्यात ते लेकीच्या घरी राहत होते. आई गेल्यावर मी त्यांना परभणीला माझ्याकडे आणलं. दुसरं कुणी नव्हतंच, मी एकुलती एक. तरी दोन महिने त्यांनी पिशवीतले कपडे कपाटात ठेवले नाहीत. चहा झाला की कप स्वतः विसळायचे. पंखा लावायच्या आधी विचारायचे. लेकीच्या घरचं पाणीसुद्धा जपून प्यावं, अशा वळणाची ती माणसं. जावयाच्या घरातली वस्तू आपल्या हातून बिघडू नये, याची त्यांना सतत धास्ती. माझे यजमान स्वभावानं गरीब, त्यांनी कधी एका शब्दानं काही म्हटलं नाही. पण धास्तीला कारण लागतं थोडंच?

कॉम्प्युटर यजमानांचाच होता, जुना, बैठकीत ठेवलेला. एका सुट्टीत त्यांनीच अण्णांना त्याच्यासमोर बसवलं. कचेरीतल्या एका सहकाऱ्यानं निवृत्तीच्या वेळी दिलेली मराठी टायपिंगची सीडी अण्णांनी जपून ठेवली होती. ती घातली, आणि टाइपरायटरच्या जुन्या सवयीची बोटं कीबोर्डवर पडली मात्र, त्या दिवसापासून अण्णा आमच्या घरात पाहुणे राहिले नाहीत. सकाळी आंघोळ, पूजा आटोपली की टकटक सुरू.

ते त्यांचं गाव लिहीत होते. ते गाव येलदरीच्या धरणात गेलं तेव्हा अण्णा दहा-बारा वर्षांचे. लोक आठवणी लिहितात तसं नव्हतं ते. कोणत्या घराला लागून कोणाचं घर, दार कुठल्या तोंडाचं, अंगणात लिंब होता की शेवगा, आड कुठं, कट्टा कुठं, कट्ट्यावर बसायचं कोण. एक गल्ली घ्यायची, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायचं. आठवेना की फोन लावायचे. जास्त फोन माझ्या आत्याला, म्हणजे त्यांच्या आक्काला. आत्या त्यांच्याहून सहा वर्षांनी मोठी, पालमला दिलेली, तिला सगळं गाव तोंडपाठ. दोनदा ते एसटीनं पालमला जाऊन तिच्यासमोर वही घेऊन बसून आले. ही भानगड होण्याआधीच आत्या गेली.

एक गल्ली पूर्ण झाली की अण्णा ती पेनड्राइव्हवर घ्यायचे आणि बसस्टँडकडच्या झेरॉक्सच्या दुकानात छापायला जायचे. वरची आळी छापून झाली होती. वेशीजवळची गल्ली छापून झाली होती. नदीकडची गल्ली चालू होती, झाली तेवढी पेनड्राइव्हवरही ठेवलेली. ती सगळ्यात मोठी, आणि तिच्यातलं निम्मंअधिक आत्यानं सांगितलेलं. ती पूर्ण व्हायची होती, म्हणून छापलेली नव्हती.

तर एके दिवशी अण्णांनी त्या लाल चौकटीवरचं बटण दाबलं. धोका आहे म्हणतोय, उपाय करा म्हणतोय, म्हणून प्रामाणिकपणे उपाय करायला गेले. पडद्यावर पाच-सहा खिडक्या उघडल्या, मशीन अडकलं, आणि माझे नेमके निकालपत्रकाचे दिवस. मी खेकसले त्यांच्यावर. “अण्णा, कितीदा सांगितलं, त्याला हात लावू नका म्हणून! बिघडलं तर निस्तरणार कोण?”

हे मी बोलले. माझ्याच तोंडानं, माझ्याच घरात, माझ्या बापाला. ते उठून कप विसळायला गेले. कप आधीच विसळलेला होता.

मग मी मनावर घेतलं. फुकटचा ठेवायचा की विकतचा घ्यायचा, याच्यावर मी तीन आठवडे घातले. मी गणित शिकवते, त्यामुळे वहीत दोन रकाने आखले. यजमान म्हणाले, विंडोजचं स्वतःचं संरक्षण असतंच, ते चालू कर, हे फुकटचं भूत काढून टाक, झालं. ते एका वाक्यात बरोबर सांगत होते, आणि म्हणूनच मला ते पटलं नाही. शिक्षकांच्या खोलीत विचारलं, तर निम्मे म्हणाले, फुकटची वस्तू अंगाशी येते. निम्मे म्हणाले, विकतचं घेऊन आमचं मशीनच बैलगाडी झालं. इंटरनेटवर वाचलं. तिथं तुलना करणाऱ्या प्रत्येक लेखाच्या शेवटी विकत घ्यायचं बटण. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

शेवटी कॉम्प्युटरच्या दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, “मॅडम, फुकटच्या हेल्मेटनं डोकं वाचतंय का? घरात म्हातारं माणूस हाय म्हणता, ते कुठंबी हात लावणार. हे टाका आन् निवांत झोपा.” म्हातारं माणूस कुठंही हात लावणार, हे वाक्य त्यानं म्हटलं आणि मी मान हलवली. आपणच आपल्या माणसाला धोका ठरवलं, की बाकीचं सोपं होतं. मी खोकं विकत घेऊन आले.

लाल चौकट गेली. तिच्या जागी हिरवी खूण आली, आपण सुरक्षित आहात अशी. मला कोण अभिमान! अण्णाही म्हणाले, “आता बरंय.”

त्यानंतर पाच-सहा दिवसांनी टकटक थांबली. मी विचारलं, तर म्हणाले, डोळ्याला ताण पडायलाय. मी खरं मानलं. थेंब आणून दिले. रोज सकाळी ते निमूटपणे डोळ्यात थेंब घालून घ्यायचे, काही झालेलं नसताना.

सव्वा महिन्यानं मी एकदा शाळेतून लवकर आले, तर अण्णा खिडकीशी बसून माझ्या जुन्या प्रश्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर हातानं लिहीत होते. मला बघून कागद झाकले. म्हातारपणी माणसानं कागद झाकावेत असं काय असतं? मी खोदून खोदून विचारलं तेव्हा बोलले.

“त्या दिशी पेनड्राइव्ह लावला. हिरवी पट्टी आल्ती, लगेच गेली. बघतो तं नदीकडची गल्ली न्हाई. मशीनमधी बी न्हाई, पेनड्राइव्हमधी बी न्हाई. माझ्याकडूनच काय तरी दाबल्या गेलं असंल. जावईबापूचं मशीन, अजून काय बिघडलं असंल तं? मनून बोललो न्हाई.”

मी कॉम्प्युटर लावला. विकत घेतलेल्या त्या राखणदाराच्या पोटात शिरून शोधलं, तर सगळं व्यवस्थित नोंदवून ठेवलेलं. फाईलमध्ये व्हायरस सापडला. साफ करता आला नाही. फाईल क्वारंटाईनमध्ये, म्हणजे वेगळी कोंडून, ठेवली. तीस दिवसांनी कायमची काढून टाकली. दोन्ही ठिकाणची. तीस दिवस ती फाईल तिथं होती! एक बटण दाबलं असतं तर परत आली असती. तीस दिवस माझा बाप डोळ्यात थेंब घालत बसला, आणि मी हिरवी खूण बघून खूश होते.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तशीच दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, “मॅडम, सेटिंग तसंच येतंय. कंपनीकडूनच तसं हाय.” मी म्हटलं, विचारायचं नाही का? एखाद्याचं वर्षभराचं लिखाण आहे, टाकून देऊ का, एवढं विचारायला काय जातं? तो म्हणाला, विचारलं तर लोक घाबरतात! लाल चौकट काढून वर्षभर घाबरवताना नाही सुचलं ते. पैसे काढायचे असले की घाबरवायचं, आणि खरंच सांगायची वेळ आली की माणूस घाबरेल म्हणून गप्प बसायचं.

व्हायरस आला होता झेरॉक्सच्या दुकानातून. त्याच्या मशीनमध्ये अख्ख्या परभणीचे पेनड्राइव्ह जातात, आणि ते मशीन आजही तसंच धडधाकट चालू आहे. चोर सोडून संन्याशाला फाशी. मदतीच्या नंबरवर फोन केला, तर अर्धा तास गाणं ऐकवलं, मग एका मुलीनं फार गोड आवाजात सांगितलं की तीस दिवसांनंतर काही करता येत नाही. फोन ठेवल्यावर लगेच मेसेज, आमच्या सेवेनं आपलं समाधान झालं का? पाचपैकी किती तारे? दुसऱ्या एकानं डिस्कमधून फाईल काढून देतो म्हणून मशीन चार दिवस ठेवून घेतलं. त्यातून निघाले ते नुसते चौकोन आणि प्रश्नचिन्हं.

घरी येऊन मी एवढी बडबड केली, एवढी बडबड केली की यजमान उठून बाहेर गेले. कुंपणच शेत खातं म्हणतात, ते मी मुलांना वाक्प्रचार म्हणून ऐकवत आले, पण कुंपण आपणच वाजत गाजत आणून लावतो, हे कुणी सांगत नाही. अण्णा ऐकत होते. माझा श्वास संपल्यावर म्हणाले,

“धरणाच्या टायमाला नोटीस तरी आल्ती गं. दवंडी झाल्ती. मोहलत दिल्ती. लोकांनी दारं-चौकटी काढून नेल्या.”

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती.

मी तो अँटिव्हायरस तेव्हा काढला नाही. पैसे भरलेत म्हणून काढला नाही, हेही सांगून टाकते. फक्त सेटिंग बदललं, विचारल्याशिवाय कशाला हात लावायचा नाही म्हणून. यजमानांनी दोन नवे पेनड्राइव्ह आणले. त्यात ठेवायला मात्र काही नव्हतं. अण्णा परत कॉम्प्युटरवर बसले नाहीत. प्रश्नपत्रिकांच्या पाठीवरच नदीकडची गल्ली पुन्हा लिहू लागले, सावकाश, खोडत खोडत.

आता गेल्या आठवड्यापासून पडद्यावर पुन्हा चौकट यायला लागली आहे. वर्ष संपत आलंय. तुमचं संरक्षण संपायला तीस दिवस उरले. मग एकोणतीस. मग अठ्ठावीस. रोज, न चुकता, मोठ्या अक्षरात. वर ईमेल, वर मोबाईलवर मेसेज. पैसे हवे आहेत म्हटल्यावर यांना नोटीस देता येते, महिनाभर आधी देता येते, दवंडीसुद्धा पिटता येते! काल मी ते सगळं एकदाचं काढून टाकलं, विंडोजचं स्वतःचं होतं ते चालू केलं, आणि उठून अण्णांना हे सांगायला, खरं म्हणजे पुन्हा एकदा भांडायला, खिडकीशी गेले.

अण्णांच्या हातात शेवटचा कागद होता. गल्ली पूर्ण झाली होती. जंगमाचं घर, त्याला लागून कासाराचं, मग गुरवाचं. मग एक मोकळी चौकट. मग पुढची सगळी घरं, पार नदीपर्यंत.

“हे एवढं चौथं घर सुधरंना गेलंय,” ते म्हणाले. “आक्कानं सांगितल्तं, म्या लिवलं बी होतं. नंतर कितीदा आठवून पाहिलं. आता पालमला इचारावं तं आक्का न्हाई.” मग त्यांनी चष्मा काढला आणि माझ्याकडं बघितलं. “तू वाचलं असशील की, बाई. यवढं ते वाचवायसाठी खटपट केलीस. कोणाचं लिवलं होतं गं मी?”

तीन आठवडे मी वहीत रकाने आखले होते. ती फाईल मी एकदाही उघडली नव्हती.