विल्फचं अपील

नॉर्मा स्टेन्टन इंग्लंडमधल्या ग्रिम्सबीत माझ्याबरोबर तळलेल्या माशांच्या दुकानात काम करायची. दिवसभर उकळत्या तेलासमोर उभी राहूनही कुरकुर करायची नाही. तिला वैताग होता तो भावाचा.

विल्फ पन्नाशीचा. एक म्हातारी हॉस्पिटलात असताना खिडकी फोडून तिच्या घरात शिरला, रेडिओ पिशवीत भरला आणि तिथेच सोफ्यावर झोपला. पोलिसांनीच त्याला उठवलं. कोर्टात म्हणाला, "नळ गळत होता, बंद करायला गेलो होतो." ज्युरीनं दोषी ठरवलं. राहतं घर फोडायची ही तिसरी खेप, कायद्यानं तीन वर्षांपेक्षा कमी देता येत नाही, म्हणत न्यायाधीशांनी तेवढी सुनावली.

त्याची वकील मिस पिंडर हिनं नॉर्माला फोन केला. "आधीच्या दोन चोऱ्यांतली एक राहत्या घरातली नव्हतीच. क्लबचं गोदाम होतं ते. म्हणजे तीन वर्षांचं बंधन लागूच होत नाही. पण अपील चार आठवड्यांत करायला हवं, आणि तुमचा भाऊ नाही म्हणतोय."

नॉर्मा मला सोबत घेऊन तुरुंगात गेली.

"अपील केलं की शिक्षा वाढवतात," विल्फ म्हणाला. "माझ्या कोठडीतला एकजण सांगत होता."

"तो वकील आहे का?"

"अनुभव आहे त्याला."

"म्हणूनच आत बसलाय ना? तुझ्या अपिलावर वाढवता येत नाही. मिस पिंडरनी सांगितलंय तुला."

"ती फार भरभर बोलते."

"मग मी हळू बोलते. हो म्हण."

"बरं. पण त्यांना नळाचंही सांगा."

"नळाचं नाव काढलंस तर मी परत यायची नाही."

लंडनच्या अपील कोर्टात नॉर्मा मागच्या बाकावर बसली. विल्फ तुरुंगातून पडद्यावर दिसत होता. तीन न्यायाधीशांनी चूक मान्य केली आणि शिक्षा दोन वर्षांवर आणली. म्हातारीला आता घरात एकटीला झोप लागत नाही, हेही त्यांनी वाचून दाखवलं. नॉर्मानं मान खाली घातली.

संध्याकाळी विल्फचा फोन आला. "बघ, मी म्हणत होतो ना, काहीतरी घोळ आहे."

"तू असलं काहीही म्हणत नव्हतास. त्या बाईंना झोप लागत नाही, ऐकलंस का?"

"ऐकलं. सुटल्यावर तुझ्याकडे येऊ?"

"आधी सूट," म्हणून तिनं फोन ठेवला.

पुढच्या रविवारी मागची खोली रिकामी करायला तिनं मला बोलावलं. एकेक खोका उचलताना ती विल्फला शिव्या घालत होती.