अथीनाचं बारसं

बाळाच्या कानात कुर्रर्र करून नाव सांगायचा मान आत्याचा. भावाला मुलगी होणार हे कळल्यापासून मी त्या मानावर डोळा ठेवून होते. पण पोरगी अडीच महिने आधीच आली आणि पिनरमधल्या त्यांच्या घरातल्या पाळण्याऐवजी हॉस्पिटलातल्या काचेच्या पेटीत, नळ्यांच्या गुंत्यात जाऊन पडली.

भावजय इथे विलायतेतच वाढलेली, शाळेत इतिहास शिकवते. पेटीकडे बघत तिच्या मोडक्या मराठीत म्हणाली, "आई, ही फायटर आहे. हिचा नाव अथीना ठेवूया. ग्रीक वॉर गॉडेस."

माझी आई पुण्याहून बाळंतपणासाठी आली होती. "लढाईचीच देवी हवी ना? मग दुर्गा ठेव. आपल्याकडे देव्या कमी पडल्या का?" त्यात ही अथीना म्हणे बापाच्या डोक्यातून चिलखत घालूनच जन्मली. "मग आईनं काय केलं?" असं आईनं विचारलं आणि भावजय चार दिवसांत पहिल्यांदा हसली.

बारसं बाराव्या दिवशी असतं. त्याच दिवशी बाळाला इन्फेक्शन झालं. मला सर्दी, म्हणून वॉर्डात बंदी. मी एजवेअरला माझ्या घरी बसून फोनकडे बघत रडत होते. भाऊ-भावजय डॉक्टरांशी बोलत होते आणि पेटीपाशी आई एकटी होती.

पोरगी तरली. त्यानंतर मात्र आई नावाबद्दल चकार शब्द बोलली नाही. बाळाला नुसतं 'छकुली' म्हणायची. मला वाटलं, रुसली आहे. खरं सांगायचं तर मला तिचा रागच आला होता.

तीन महिन्यांनी बारसं झालं. मी पाळण्यात वाकून कुर्रर्र केलं, "अथीना" म्हटलं आणि रीतीप्रमाणे बायकांनी माझ्या पाठीत धपाटे घातले.

घुगऱ्या वाटताना आई हळूच म्हणाली, "दुसऱ्यांदा ऐकलं तिनं."

"म्हणजे?"

"त्या दिवशी डॉक्टर म्हणाले, काही सांगता येत नाही. तुला आत सोडत नव्हते. लेकराला बिननावाचं कसं जाऊ द्यायचं गं? पेटीची खिडकी उघडली आणि सांगितलं नाव."

"दुर्गा?"

"वेडी का तू? तिच्या आईनं ठेवलेलं."

त्या दिवशी आईच्या पाठीत धपाटा घालायला कुणीच नव्हतं. मी हलकेच एक घातला.