एक ठिवायचं

पारूआत्या कुठल्याही गोष्टीतलं शेवटचं कधी घेत नाहीत. ताटलीतलं शेवटचं भजं, वेलावरचं शेवटचं दोडकं, डब्यातली शेवटची शेंगदाण्याची वडी, सगळं जिथल्या तिथं राहतं. "एक ठिवायचं," त्या म्हणतात, "म्हंजी परत यायला वाट ऱ्हाती." याला अपवाद एकच, शेवटचा शब्द. तो त्यांनी ग्रामसेवकासाठी ठेवला नाही, दूध सोसायटीच्या चेअरमनसाठी ठेवला नाही आणि एसटीच्या कंडक्टरसाठी तर मुळीच नाही.

त्यांचं सासर आणि माहेर दोन्ही कामथडीतच. त्यामुळे त्या अर्ध्या गावाच्या आत्या आणि अर्ध्या गावाच्या काकी. आवाज पाहून उरलेल्या अर्ध्या गावानंही आत्याच म्हणायचं ठरवलं. निवृत्तीनंतर मी त्यांच्या शेजारी घर बांधलं, तेही शांतता हवी म्हणून. राहायला आलो त्याच्या दुसऱ्याच सकाळी एक अनोळखी बाई माझ्या ओट्यावरच्या चपलांच्या कपाटात खांद्यापर्यंत हात घालून बसलेल्या दिसल्या.

"आमची तांबडी हितं घालती," त्या मागं न बघता म्हणाल्या. "दोन हुती. एक म्या नेती, एक ऱ्हाऊ द्या. हलवू नगा."

आणि त्या गेल्या. कपाट माझं आहे, हा मुद्दा मला दुपारी सुचला. पुढं कळलं ते असं, की कोंबडीनं घातलेली सगळी अंडी उचलली की ती रुसून दुसरी जागा धरते. एक ठेवलं की परत तिथंच येते. तेव्हापासून माझे बूट खिडकीत असतात.

आत्यांचा नातू शंभू चार वर्षांचा. आईबाप पुण्यात कामाला, पोरगं आजीपाशी. येत्या जूनमध्ये त्याला पुण्याच्या शाळेत घालायचं ठरलं होतं. तेव्हापासून आत्यांच्या कोंबड्यांना नेहमीपेक्षा जास्त शिव्या बसत होत्या.

अशातच एप्रिलमध्ये माझ्या मोबाईलवर एक निमंत्रण आलं. राजगडाखालच्या गुंजवण्याच्या वाटेवर पुणेकरांच्या बंगल्यांची एक वसाहत आहे. तिथं माझा एक जुना सहकारी शनिवार-रविवार निसर्गाच्या सान्निध्यात टीव्ही बघतो. त्यानं पाठवलं होतं: 'भव्य ईस्टर अंडे-शोध महोत्सव. परिसरातील बालगोपाळांना सस्नेह निमंत्रण.' खाली बक्षिसाचा फोटो होता. सोनेरी कागदातलं, नारळाएवढं चॉकलेटचं अंडं. शंभूनं ते पाहिलं आणि माझा मोबाईल सोडेना.

आत्यांनीही फोटो निरखून पाहिला. "ह्ये आपल्याला पायजेल. पोरगं पुन्याला जाईल तवा त्येच्या हातात कायतरी गावचं पायजे."

"आत्या, चॉकलेट कुठलं गावचं?"

"गावाकडं जिकल्यालं म्हंजी गावचंच."

दुसऱ्या दिवसापासून तालीम सुरू झाली. रोज सकाळी आत्या कमरेवर हात ठेवून अंगणात उभ्या राहत आणि शंभू गंजीमागं, जुन्या टायरात, उलट्या पाटीखाली शिरत असे. "अंडं हुडकायचं न्हाई शंभ्या! कोंबडीगत इचार करायचा. मला बसायचं आसतं तर म्या कुठं बसली आसती?" शंभू एकेका कोपऱ्यात बसून, बूड हलवून, जागा पसंत आहे की नाही ते ठरवायचा. चांगली जागा मिळाली तर आनंदानं ओरडायचाही. तांबडी हे सगळं कपाटातून बघत असे. तिचा चेहरा मला अपमानित वाटला, पण कोंबडीचा चेहरा तसाच असतो म्हणतात.

रविवारी माझ्या गाडीतून आम्ही निघालो. वसाहतीत मांडव, माइक आणि मोठा फ्लेक्स होता. खरं तर ही कल्पना रूथ मॅडमची. वसाहतीत ख्रिस्ती कुटुंब त्यांचं एकच. त्यांनी पोरांसाठी चार अंडी रंगवू का, असं विचारलं होतं. मग समिती स्थापन झाली. अंडी रूथ मॅडमनी उकडली, त्यांनीच रंगवली, लपवली, आणि कार्यपत्रिकेत त्यांचं नाव आभारप्रदर्शनात आलं.

आधी नारळ फुटला. मग अध्यक्षांनी अर्ध्या चड्डीत 'ईस्टर आणि आपली कृषिसंस्कृती' या विषयावर विचार मांडले. मग पाहुण्यांना शाली. पोरं उन्हात उभी होती आणि बक्षिसाचं अंडं टेबलावर. अखेर कुणाला तरी दया येऊन उरलेली शाल त्या अंड्यावर पांघरण्यात आली. त्या दिवशीचा तो एकच सत्कार मला सकारण वाटला.

एवढ्यात सशाचा पोशाख घातलेला वॉचमन बबन घामाघूम होऊन समोरून गेला. आत्यांनी मला कोपरानं ढोसलं. "ह्ये काय?"

"ससा. अंडी तोच आणतो असं मानतात."

"आन् कोंबडी?"

त्यांनी सगळ्या आवारावरून एक नजर फिरवली. "बरं, आणू दे त्याला. लपिवली कुनी?"

"रूथ मॅडमनी."

"उच्च्या हायेत का बुटक्या?"

"बुटक्याच म्हणायच्या."

"शंभ्या, वर बघायचं न्हाई! समदं खालीच हाय."

शिट्टी झाली. पोरं चौफेर धावली, त्यांच्या मागं आईबाप बोटं दाखवत धावले. शंभू शांतपणे मेंदीच्या कुंपणाखाली शिरला, बसला, बूड हलवलं, आणि त्याला अंडी मिळाली. मग कुंडीमागं. मग पाइपाच्या वेटोळ्यात. तो बसेल तिथं अंडं होतं. त्याच्या मागोमाग मायरा नावाची तीन वर्षांची एक फ्रॉकवाली अंगठा चोखत चालली होती. बाकी सगळे पळत होते, हा एकटाच तिच्या बेताच्या वेगानं हिंडत होता.

मोजणीला शंभूची टोपली पुढं आली. तळ जेमतेम झाकलेला. मायराची बादली उतू जात होती.

"आरं, जागा तर समद्या तूच हुडकल्या!" आत्या ओरडल्या. "अंडी कुटं गेली?"

"एक एक ठिवलं," शंभू म्हणाला.

"आन् त्या कुंडीमागं?"

"तितं एकच हुतं. बाकी बी लई ठिकानी एकच. त्येच ठिवलं."

आत्यांनी डोक्याला हात लावला. पण हार मानणं त्यांच्या स्वभावात नाही. त्या थेट अध्यक्षांपुढं उभ्या राहिल्या. "जागा आमच्या पोरानं काडल्या!" अध्यक्षांनी समितीशी चर्चा केली आणि नियमानुसार फक्त संख्या ग्राह्य धरण्यात येईल, असं माइकवरून जाहीर केलं. मग मायराला बक्षीस द्यायला त्यांनी मोठ्या डौलानं शाल उचलली. खालचं अंडं उन्हानं मऊ होऊन एका अंगाला कलंडलं होतं.

"द्या, द्या," आत्या म्हणाल्या. "पर बिगीबिगी द्या. पिल्लू भाईर यायच्या बेतात हाय."

परतताना मला वाटलं, शंभू रडेल. तो मजेत होता. "आजे, उद्या परत येऊ. ससा परत घालंल. म्या ठिवलंय न्हवं!"

मायरानं मागं काहीच ठेवलं नव्हतं, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. आत्या खिडकीबाहेर राजगडाकडं बघत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पदराखाली काहीतरी सांभाळत गाडीत बसल्या. गेटवर बबन माणसाच्या कपड्यांत होता. त्यानं आम्हाला आत सोडलं. "भाऊ, पोराला जरा गड दाखवा," आत्यांनी मला हुकूम केला. मी शंभूला गडाकडं तोंड करून उभा केला आणि बालेकिल्ल्याविषयी जमेल तितकं बोललो. मग तो कुंपणाकडं पळाला.

"आली! आजे, ससा परत आला!"

"येनारच. ठिवलं हुतं न्हवं तू?"

मेंदीखाली, कुंडीमागं, पाइपात, सगळीकडं अंडी होती. या खेपेला तांबूस, न रंगवलेली. शंभूनं अर्थातच प्रत्येक जागी एक ठेवलं. मे महिन्यात अध्यक्षांना ती वासावरून सापडली.

जूनमध्ये शंभूचे आईवडील गाडी घेऊन आले. बॅग, ट्रॅक्टर, चेंडू, सगळं भरून झालं आणि ऐनवेळी शंभूची एका पायातली चप्पल सापडेना. सून शोधून दमली. आत्यांनी घर डोक्यावर घेतलं. "पायातली चप्पल हरिवतो व्हय रं? तिकडं गेल्यावर काय काय हरवशील?" शंभू एक पाय उघडा घेऊन उभा होता. शेवटी वडील म्हणाले, "ऱ्हाऊ दे, पुन्यात नवी घिऊ," आणि गाडी गेली.

संध्याकाळी मी सवयीनं कपाट उघडलं. तांबडीच्या जागेत, तिच्या अंड्याला लागून, एक एवढीशी लाल चप्पल नीट सरळ करून ठेवली होती.

मी आत्यांना हाक मारली. त्या आल्या, वाकून आत बघितलं आणि बघतच राहिल्या. आता त्या काय बोलतात म्हणून मी थांबलो. त्यांनी चपलेला हात लावला नाही. कपाटाचं दार हळूच लोटलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा शेवटचा शब्द तसाच ठेवून घरी गेल्या.