चपलांपाशी

"मास्तरांनी माझ्या आईला चपलांपाशी बसवलं."

माझं हे वाक्य अध्यक्षांनी सगळ्यांसमोर वाचलं. नाकात बोलत वाचलं. मग हसले. खोलीतली बाकीची माणसं त्यांच्या तोंडाकडं बघून हसली.

"ही मराठी हाय का हाणामारी? मास्तरीण झालीस म्हणं. पहिलीतल्या पोराचं वाक्य हाय की हे."

औराद तालुक्यातल्या आमच्या गावच्या शाळेची शंभरी होती. स्मरणिका निघणार होती. तिच्या समितीचे अध्यक्ष गावातल्या मोठ्या घरचे. बाकीच्यांना ते 'सर' म्हणायचे, 'तुम्ही' म्हणायचे. मी बसवकल्याणला मराठी शिकवते, पण बौद्धांच्या वस्तीतली. मला 'तू'.

शेजारी एक निवृत्त प्राध्यापक बसले होते. त्यांनी माझं वाक्य तिथल्या तिथं शुद्ध केलं. माझ्याच लेखात, माझ्याच नावाखाली लिहिलं: "तत्कालीन सामाजिक परिस्थितीच्या अपरिहार्यतेतून काही विद्यार्थ्यांच्या आसनव्यवस्थेबाबत भिन्न स्वरूपाची योजना अंगीकारण्यात आल्याचे दिसून येते."

"ह्याला म्हणत्यात भाषा," अध्यक्ष म्हणाले.

मी उठले. कागद घेऊन आईकडं निघाले.

वर्गात मी पोरांना सांगते, वाक्य लांबलं की त्याची झूल उतरवा. क्रियापद धरा. त्याला विचारा, कोण? चालता चालता मी तेच केलं. परिस्थिती काढली. अपरिहार्यता काढली. भिन्न स्वरूप काढलं. हातात उरलं, "योजना अंगीकारण्यात आली." कुणी? कुणीच न्हाई. व्याकरणात खोट न्हाई, आणि माणूस गायब. जन्मभर कॉलेजात शिकवलेल्या माणसानं एवढी मेहनत घेतली, ती एका मास्तराला लपवायला. कीव यावी अशी मेहनत. मला किळस आली.

आई अंगणात तूर निवडत होती. तिला प्राध्यापकांचं वाक्य वाचून दाखवलं.

"हे कुणाचं सांगायलीस?"

"तुझंच, आई."

"माझं? मी कुठं हाय त्यात?"

मी तिला माझं वाक्य वाचून दाखवलं. तिचा सुपातला हात थांबला.

"व्हय. तिथंच बसायचे मी. सुट्टी झाली की पोरं चपला घालताना माझ्या पाटीवर पाय द्यायची. मास्तर बघायचे. त्ये कामून न्हाई लिहिलीस?"

तिनं हे कधी सांगितलं न्हवतं, आणि मीही कधी विचारलं न्हवतं.

त्याच दुपारी परत गेले. प्राध्यापकांच्या वाक्यावर काट मारली. माझं ठेवलं, आणि खाली आईचं लिहिलं: "पोरं तिच्या पाटीवर पाय द्यायची. मास्तर बघायचे."

अध्यक्षांचा चेहरा लाल झाला. "आमच्या आप्पाचं नाव खराब करायलीस तू!"

मास्तर म्हणजे त्यांचे वडील. हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं.

"नाव मी लिहिलंच न्हवतं," मी म्हणाले. "तुम्हीच घेतलात. आता घालते."

आणि घातलं. मास्तरांचं पूर्ण नाव, त्यांच्या वडिलांच्या नावासकट.

प्राध्यापक समजुतीच्या सुरात म्हणाले, "बाई, जरा सौम्य शब्दांत..."

"सर, ह्यातला कोणता शब्द तुम्हाला कळला न्हाई?"

ते चष्मा पुसत बसले.

स्मरणिका निघाली. गुळगुळीत कागद, अध्यक्षांचा फेट्यातला रंगीत फोटो. माझा लेख न्हवता. पण प्राध्यापकांचं ते वाक्य अध्यक्षांच्या मनोगतात होतं. प्रकाशनाच्या कार्यक्रमात शालश्रीफळ घेताना दोघं एकमेकांच्या भाषेचं कौतुक करत होते. करू देत. त्या भाषेत त्यांना एकमेकांशिवाय कुणी दिसतच न्हाई.

मी आता वस्तीत घरोघर जायला लागलेय. शाळेच्या दारात, चपलांपाशी बसलेली अजून कितीतरी माणसं जिवंत हायत. ती बोलतात तसं लिहून घेते. लहान वाक्यं. कोण, कुणाला, काय केलं. ह्याचं पुस्तक मी काढणार. त्याला कुणा अध्यक्षाचं मनोगत नसेल.

कुणाला झोंबलं तर झोंबू दे. त्यांनी व्याकरणाची चूक दाखवावी, मी दुरुस्त करीन. नाव काढणार न्हाई.