मानाची सात नावं

बेलापुरात मनकर्णाबाईंचा राग कुणी बघितला नव्हता. उभं आयुष्य अंगणवाडीत सेविका म्हणून गेलं, थोरल्या दिरासमोर डोक्यावरचा पदर कधी ढळला नाही, भावकीतल्या प्रत्येक लग्नात रुखवताचा घाट त्यांनीच घातला. अशा बाईला ‘गरीब स्वभावाची’ म्हटलं की गाव मोकळं. पण दिवाळी झाल्यावर एका सकाळी त्या आपल्या पाळणाघराच्या पत्र्याच्या शेडसमोर येऊन उभ्या राहिल्या, तर दाराला नवंकोरं कुलूप. झोळ्या, सतरंज्या, पोरांची दुधाची भांडी बाहेर ओट्यावर ढीग करून टाकलेली. खिडकीतून डोकावल्या तर आत खताच्या गोण्यांची थप्पी आणि फवारणीच्या औषधाचे डबे. नाकात जाणारा तो उग्र भपकारा! जिथं तान्ही लेकरं निजायची तिथं विष आणून ठेवलं होतं. मनकर्णाबाईंची कानशिलं तापली आणि त्यांना आधी वाटलं, आपल्याला ताप भरतोय.

हे पाळणाघर त्यांनी हौसेनं काढलं नव्हतं. काही वर्षांपूर्वी पाथर्डीकडची गोजरबाई नवऱ्याबरोबर ऊसतोडीला आली होती. तिनं आपली लेक फडातल्या पाचटावर, उसाच्या सावलीला निजवली. ट्रॅक्टर मागं घेणाऱ्याला ती दिसली नाही. पोरगी गेली. दुसऱ्या दिवशी त्याच फडात पुन्हा कोयते चालू झाले, आणि गोजरबाईसुद्धा त्यात होती, कारण मुकादमाकडून आगाऊ उचल घेतलेल्या माणसाला रडायलाही सुट्टी नसते. मनकर्णाबाईंना ते गिळता आलं नाही. निपुत्रिक मावशीनं त्यांच्या नावावर केलेली थोडी जागा रस्त्याकडेला पडून होती. तिथं त्यांनी शेड घातली, झोळ्या बांधल्या आणि ऊसतोडीच्या टोळ्यांना सांगून आल्या की हंगामात पोरं माझ्याकडं आणून सोडा.

पुण्याची काही माणसं ते बघून गेली आणि म्हणाली, मदत करू, पण नोंदणी केलेली संस्था पाहिजे. संस्थेला सात नावं पाहिजेत. झालं, संध्याकाळी घरात बैठक बसली आणि लग्नपत्रिका लिहायला बसावं तशी नावं निघायला लागली. थोरले दीर गोरक्षनाथ पहिले, मग त्यांच्या पाठचे, मग चुलत घरातले, म्हणजे ते रुसायला नकोत. मनकर्णाबाईंचे मालक आप्पासाहेब सहावे. मनकर्णाबाई सर्वांत शेवटी, सचिव म्हणून, कारण राबणाऱ्या माणसाला आपल्याकडं सचिव करतात.

श्रीरामपूरच्या वकील प्रणिताताईंनी ती नावं वाचली आणि कपाळाला हात लावला.

“मनकर्णाबाई, यातलं एक तरी माणूस कधी झोळीला दोरी बांधायला आलंय का?”

“न्हाई ताई. पर मानाची मानसं हायेत. वगळलं तर वाईट दिसतं.”

“मान द्यायचा तर नारळ द्या, शाल द्या. विश्वस्त म्हणजे मालक नव्हे, पण निर्णय त्यांच्या हातात जातो. उद्या सहा जण एका बाजूला बसले तर तुम्ही काय कराल? आणि जागा एकदा संस्थेला बक्षीसपत्रानं दिलीत की ती तुमची राहत नाही, हे समजतंय ना?”

“घरचीच हायेत वो,” मनकर्णाबाई म्हणाल्या होत्या, वर हसल्या होत्या आणि बक्षीसपत्रावर सही करून मोकळ्या झाल्या होत्या.

तेच घरचे लोक दिवाळीत एका पुतण्याच्या मुलाच्या बारशाला जेवायला बसले होते आणि मुखशुद्धीची सुपारी कातरता कातरता त्यांनी ठराव करून टाकला. गोरक्षनाथांच्या मुलानं खतं-औषधांचं दुकान काढलंय, त्याला गोडाऊन नाही, तर संस्थेची शेड त्याला द्यावी. सहा सह्या झाल्या. सातवी बाई त्याच वेळी आत स्वयंपाकघरात दुसऱ्या पंगतीच्या पोळ्या लाटत होती. तिला बोलवावं असं एकाच्याही मनात आलं नाही. काय म्हणावं या लोकांना! चोर निदान भिंत फोडतो, हे तर जेवून उठले.

कुलपाची किल्ली मागायला गेल्यावर पुतण्यानं ठरावाचा कागद दाखवला, तेव्हा मनकर्णाबाईंनी घरी येऊन मालकांना विचारलं, “अवो, तुमीबी सही केली?”

आप्पासाहेबांनी चहाची बशी खाली ठेवली. “दादांनी कागद फुडं केला. मी काय न्हाई म्हननार व्हतो काय? आगं, तू घरचीच हायेस. तुला काय येगळं सांगायचं?”

घरचीच! या एका शब्दावर आपल्या गावागावांतल्या किती बायकांच्या जमिनी आणि उमेदी गडप झाल्या असतील, देव जाणे.

त्या तशाच एसटीनं श्रीरामपूरला गेल्या. प्रणिताताई ऐकता ऐकता लालबुंद झाल्या, पण त्यांनी जुनं उकरून काढलं नाही. म्हणाल्या, “जागा तुमची नाही, पण त्यांचीही नाही. ती ज्या कामासाठी दिली त्या कामाची आहे. विश्वस्ताला आपल्या पोराचं गोडाऊन तिथं थाटता येत नाही. शिवाय संस्थेची घटना सांगते की बैठकीची लेखी सूचना प्रत्येकाला आधी गेली पाहिजे. तुम्हाला गेली?”

“मी पोळ्या लाटत हुते.”

“मग त्या बैठकीला कायद्यानं बैठक म्हणता येणार नाही. नगरला धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात अर्ज करू, शेड रिकामी करायचा आदेश मागू. टिकेल असा अर्ज आहे. फक्त सही केली त्या प्रत्येकाला सामनेवाला, म्हणजे विरुद्ध पक्ष, करावं लागेल. तुमच्या मालकांनासुद्धा.”

मनकर्णाबाईंनी पिशवी उचलली. अर्जाचं घरी विचार करून सांगते, म्हणाल्या आणि परत आल्या. रागाला घाबरणारी बाई नव्हती ती, पण घराला घाबरत होती.

घरात बातमी त्यांच्या आधी पोचली होती. गोरक्षनाथ ओसरीवर खुर्ची टाकून बसलेले. “काय मनकर्णा, कोर्टाची पायरी चढतीयस म्हनं? घरातलं भांडन चव्हाट्यावर मांडायचं? पोरांचं म्हनशील तर बांध दुसरी शेड. उघड्या रानात जन्मली ती, त्यास्नी काय व्हतंय?”

मनकर्णाबाईंनी सवयीनं पदर सारखा केला. मग त्या आत गेल्या. आप्पासाहेब मागोमाग आले नि हळू आवाजात म्हणाले, “घरातल्या घरात मिटवू. मी बोलतो दादांशी.” बोलतो, बोलतो म्हणता आठवडा गेला आणि कारखान्याचा भोंगा वाजायला लागला.

टोळ्या आल्या. गोजरबाई आली. कडेवर दुसरी लेक होती, जावळाचे केस डोळ्यांवर आलेली. कुलूप बघून ती मनकर्णाबाईंच्या दारात आली.

“बाई, झोळ्या कुठं बांधल्या यंदा?”

आमच्याच लोकांनी काढून टाकल्या, हे कसं सांगायचं? “चार दीस थांब,” एवढंच त्या म्हणाल्या. “पोरीला माझ्यापाशी ठिव.”

“एकलीला ठिवून कसं व्हईल? टोळीत धा लेकरं हायेत. त्यांच्या आया काय म्हनतील?” गोजरबाई रागावली नाही. तिनं पोरीला पाठीशी बांधलं, कोयता उचलला आणि फडाकडं निघाली. मागं वळून फक्त म्हणाली, “यावेळी मी सावलीला निजवत न्हाई तिला. उनातच ठिवते. उनात दिसतं लेकरू.”

मनकर्णाबाई दारातच उभ्या राहिल्या. मग आत आल्या, पायात चपला सरकवल्या.

आप्पासाहेबांनी ओळखलं. “निघालीस?”

“व्हय.”

“मग माझं तेवढं नाव वगळायला सांग. बायकूनं नवऱ्याला सामनेवाला केलं म्हनून गाव हसंल. मी काय तुझ्या वाईटावर हाय का?”

“न्हाई,” त्या म्हणाल्या. “तुमी कुनाच्याच वाईटावर नसता. समोर आलेल्या कागदावर सही करता, बस. त्या पोरीला फडात उनात निजवलंय आज. तिला जाऊन सांगा, गाव हसंल म्हनून.”

आवाज इतका चढला होता की ओसरीवर गोरक्षनाथांनी मान वर केली. मनकर्णाबाई त्यांच्यासमोरून गेल्या. पदर खांद्यावरच राहिला होता, आणि तो डोक्यावर घ्यावा असं त्यांना वाटलं नाही.

श्रीरामपूरला प्रणिताताईंनी संगणकावर अर्ज उघडला. अर्जदार म्हणून मनकर्णाबाईंचं नाव लिहिलं. मग त्या थांबल्या.

“पुन्हा विचारते. आप्पासाहेबांचं नाव घालायचं ना? नंतर कुरकुर नको.”

उभ्या संसारात मनकर्णाबाईंनी त्या माणसाचं नाव उखाण्याशिवाय घेतलं नव्हतं. त्यांनी पाण्याचा घोट घेतला.

“घाला.”

“ठीक. सामनेवाले कुठल्या क्रमानं लिहू? तसा क्रमाला काही अर्थ नसतो.”

“असतो ताई,” मनकर्णाबाई म्हणाल्या. डोळे भरले होते, पण आवाज स्वच्छ होता. “थोरले दीर पयले. मग त्यांच्या पाठचे. मग चुलत घरचे. आमचे मालक शेवटी. मानापरमानं लिवा सगळ्यांस्नी. कुनी रुसाय नको.”